जुन्या रुग्णालयाचे संमिश्रवयीन वसाहतीत रूपांतर (ग्रामीण विदर्भ)

बंद पडलेला जुना दवाखाना न पाडता त्यात वृद्ध, नोकरदार कुटुंबे आणि एकटी राहणारी तरुण माणसे यांची घरे करणे व जोडीला शुश्रूषेची सोय ठेवणे. अशा इमारती बहुधा मिशनच्या किंवा सरकारी असतात: चुन्यातल्या दीड-दोन फूट जाड भिंती, सागवानी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे), कवेलूंचे छप्पर, भोवती व्हरांडा.

आधी मालकी तपासावी. जागा नझूलची (सरकारी मालकीची) असल्यास भाडेपट्टा चालू आहे का, हे पाहावे. सार्वजनिक ट्रस्टची इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यास १९५० च्या विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते.

काम बिघडते ते मुख्यतः पाण्यापायी. जुन्या दवाखान्यात संडास-न्हाणी वॉर्डापासून दूर असत. आता घरागणिक बाथरूम येते आणि नळ पायाला खेटून जातात. खाली काळी माती. ती भिजली की फुगते, उन्हाळ्यात आकसते. एक सांधा झिरपू लागला तरी तेवढ्या भागातला पाया उचलला जातो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग वर चढते. म्हणून बाथरूम मागच्या व्हरांड्यापलीकडे स्वतंत्र पायावर, दोन घरांना मिळून एक पाइप अशी बांधावीत. इमारतीभोवती बाहेर उतरती फरसबंदी हवीच. जुन्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवून एक पावसाळा आणि एक उन्हाळा थांबावे. पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे. ठेकेदाराला एवढा धीर नसतो, तो तिच्यात सिमेंट भरून मोकळा होतो. सिमेंटच्या गिलाव्याने ओल आतच कोंडते आणि लोणा (भिंतीवर फुटणारा क्षार) वर सरकतो. गिलावा चुन्याचाच हवा: तीन आठवडे पाण्याखाली मुरवलेला चुना १ भाग, सुरखी (विटांची भुकटी) १, वाळू २.

कूलरचाही विचार हवा. पारा ४५ अंशांवर गेला की खिडकीगणिक कूलर लागतो, टाकी गळते आणि चार उन्हाळ्यांत खिडकीखालचा चुना नखाने निघतो. भिंतीपासून सुटा लोखंडी स्टँड आणि खाली ट्रे एवढाच उपाय आहे, पण तो नकाशात क्वचितच असतो. उंच वॉर्डात माळा घालू नये. वरचे झरोके बुजतात आणि घर तापते.

जोते ७५ सेंमी उंच असेल तर १:१२ उताराचा रॅम्प ९ मीटर लांब होतो, मधला टप्पा वेगळा. दार ९०० मिमी, बाथरूममध्ये चाकाची खुर्ची वळायला १५०० मिमी मोकळी जागा.

खोदकामाआधी वापरलेल्या सुया आणि बाळंतपणानंतरची वार पुरण्याचे जुने खड्डे शोधावेत. क्ष-किरण यंत्र अणुऊर्जा नियामक मंडळाच्या रीतीनेच निकाली काढावे. भंगारवाल्याला देऊ नये.

वृद्धांची घरे तळमजल्यावर असावीत, पण एका रांगेत नकोत, नाहीतर तेवढ्या भागाचा वृद्धाश्रम होतो. नर्सची खोली जुन्या सिस्टरच्या खोलीतच ठेवावी, कारण तिथून बहुतेक दारे दिसतात. हाकेची घंटी इन्व्हर्टरवर जोडावी. वीज वादळात जाते, आणि ती बरेचदा रात्री.