महुड्याची फुलं, अबकारी खातं आणि फाल्गुनातला पाऊस

बडोद्यात अलकापुरीत ‘वनगंगा’ नावाची इमारत आहे. गुजरात राज्य वन विकास महामंडळाचं हे मुख्यालय. दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या आपल्या मराठी घरांत या महामंडळाची ओळख फार तर मधाच्या बाटलीपुरती. छोटाउदेपूर, कवांट, नसवाडीकडच्या राठवा, नायका, भिल अशा आदिवासी कुटुंबांचं तसं नाही. होळीच्या आसपास त्यांच्या हातात जो रोख पैसा येतो, त्यातला बराचसा महुड्याच्या (महाराष्ट्रातल्या मोहाच्या) फुलांचा असतो आणि महामंडळ त्या फुलांना काय दर देतं, यावर तो अवलंबून असतो. हल्ली याच दिवसांत अवकाळी पाऊस येतो आणि महिन्याभराची कमाई मातीत जाते. दोष हवामानाला दिला जातो, तो खराही आहे. पण एका पावसाने एवढं नुकसान का व्हावं, याचं उत्तर हवामानात कमी आणि दीडशे वर्षांच्या कायद्यांत जास्त सापडतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये महुड्याची पानं गळतात, फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस येतात. रात्री वटवाघळं परागीभवनाचं काम करतात आणि पहाटेपासून मलईच्या रंगाच्या, रसाळ पाकळ्या टपटप पडू लागतात. बायका आणि पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली हजर. बांधावरचं कुठलं झाड कुठल्या घराचं, हे ठरलेलं असतं. भावाभावांत जमिनीसारखी झाडंही वाटली जातात. वेचलेली फुलं सारवलेल्या अंगणात पसरायची. चार-पाच दिवस कडक ऊन मिळालं की वजन निम्म्याहून खाली येतं आणि फुलं मनुकांसारखी तपकिरी, चिकट होतात. नीट वाळलेला माल वर्षभर टिकतो. वाळताना भिजला तर आंबतो, काळा पडतो, बुरशी धरतो. पुढे जूनच्या सुमाराला डोळी, म्हणजे बी. तिचं तेल अजूनही कित्येक राठवा घरांत खाण्यात आहे.

गायकवाडीची सुरुवातच महुड्याच्या मुलखात झाली, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. बडोदं हाती येण्याआधी पिलाजीराव गायकवाडांचं ठाणं सोनगडला होतं, भिलांच्या डोंगराळ भागात. तेव्हा फुलं खायची, त्यांची दारू घरीच गाळायची आणि देवालाही तीच वाहायची. ब्रिटिशांना त्यात महसूल दिसला. मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या अबकारी कायद्याने घरगुती भट्ट्या बंद पाडल्या आणि दारू मक्तेदारांच्या दुकानांतून विकत घ्यायला लावली. तरी चोरून गाळणं थांबेना, म्हणून १८९२ मध्ये थेट फुलांवरच कायदा आला, ठाणे-कुलाबा भागासाठी. हे गरिबाचं अन्न आहे, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता. त्यानंतर सातच वर्षांनी संवत १९५६ चा ‘छप्पनियो’ दुष्काळ पडला. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत बडोदा संस्थानची लोकसंख्या २४ लाखांवरून साडेएकोणीस लाखांवर आली. त्या काळात महुड्याची फुलं ज्याच्या घरात होती, तो त्यांच्यावर तगला.

१९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातेत देवीचं आंदोलन उठलं; देवी अंगात येऊन दारू सोडायला सांगते, अशी श्रद्धा त्यामागे होती. संस्थानच्या सोनगड-व्यारा भागातही हजारो आदिवासींनी दारू-ताडी सोडली आणि दुकानदारांशी व्यवहार तोडले. दारू गाळणाऱ्यांनीच ती सोडली, तरी सरकारी कागदांत महुड्याची ओळख दारूचं झाड अशीच राहिली.

स्वातंत्र्यानंतरही ती पुसली नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आणि त्याखालचे महुडा फुलांचे १९५० चे नियम गुजरातकडे वारशाने आले. त्यामुळे साठा, वाहतूक, विक्री या सगळ्याला परवाना. १९७६ मध्ये वन विकास महामंडळ निघालं आणि १९७९ च्या कायद्याने टिमरूची (तेंदूची) पानं, महुड्याची फुलं, डोळी व डिंक यांच्या व्यापाराचं राष्ट्रीयीकरण झालं. हेतू चांगला होता, व्यापाऱ्यांची लूट काही अंशी थांबलीही. पण एका बाजूला ठरावीक खरेदीदार आणि दुसऱ्या बाजूला घरात माल ठेवला तर पोलिसांची धास्ती, अशा कात्रीत सापडलेला माणूस वेचल्या वेचल्या विकून मोकळा होतो. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. चांगल्या सालची फुलं वाईट सालासाठी ठेवायची, हा या झाडाचा जुना विमा होता. तो आपण बंद केला.

आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा, २००६ चा वनहक्क कायदा आणि गुजरातचे २०१७ चे पेसा नियम यांनी गौण वनउपजावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला. २०२० मध्ये केंद्राने वाळलेल्या फुलांचा आधारभूत दर किलोला १७ रुपयांवरून ३० केला. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साठवणुकीवरचे निर्बंध उठवले. छोटाउदेपूरला लागून असलेल्या अलीराजपुरात, कठ्ठीवाड्याला, मध्य प्रदेश सरकारच्या धोरणाखाली महुड्याची ‘हेरिटेज’ दारू बाटलीत भरली जाते. सीमेच्या अलीकडे त्याच फुलांची पोती नेताना कागद दाखवावे लागतात.

अशा आधीच आखडलेल्या धंद्यावर हवामान उलटलं. २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनचा सर्वांत तापलेला मार्च होता, २०२३ चा फेब्रुवारी तसाच. आणि त्या फेब्रुवारीपाठोपाठ मार्चमध्ये गुजरातेत गारांसह पाऊस. ढगाळ हवेत फुलगळ बिघडते, गारांनी कळ्यांचे घोस झडतात आणि अंगणातली फुलं भिजतात. टिमरूच्या कोवळ्या पानाला गारेने भोक पडलं की तेही विडीच्या कामाचं राहत नाही. शेतकऱ्याच्या गहू-जिऱ्याचे पंचनामे निदान होतात. पिकांच्या नुकसानभरपाईची गुजरातची मुख्यमंत्री किसान सहाय योजना मुळात खरीप पिकांपुरती, आणि महुडा तर कागदोपत्री पीकच नाही.

दुसरी काळजी झाडांच्या वयाची. फुलं सहज दिसावीत म्हणून खालचा पाचोळा पेटवतात, त्यात रोपं जळतात. त्यातून वाचलेली रोपं जनावरं खातात. बियांपासूनच्या झाडाला पहिला बहर यायला दहाएक वर्षं जातात. म्हणूनच गोध्र्याजवळच्या वेजलपूरच्या फळबाग संशोधन केंद्राने ‘थार मधु’ हे वाण काढलं. त्याचं कलम बरंच लवकर फुलतं आणि झाडं ठेंगणी असल्याने खाली जाळी बांधणंही सोपं. मध्य प्रदेश-छत्तीसगडात काही ठिकाणी अशा जाळ्या लावतात, तिथे पाचोळा पेटवावा लागत नाही आणि फुलाला मातीही लागत नाही. ज्यांच्या नावावर बांध आहे, त्यांना हे करता येईल. जंगलातल्या झाडांवर जगणाऱ्यांना मात्र जाळी बांधण्याआधी ते झाड आपल्या वाटणीचं आहे, हे वन खात्याकडून मान्य करून घ्यावं लागेल.