केसपेपर, संगणक आणि पाण्यात गेलेला पैसा

कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाला जुनी माणसं अजूनही थोरला दवाखाना म्हणतात. तिथं कोकणातून, सीमाभागातून येणारा नातेवाईक कॅरीबॅगेत मागचे केसपेपर आणि एक्स-रे घेऊनच येतो. ही सगळी कागदपत्रं डॉक्टरांना संगणकावर दिसावीत, एवढ्याशा गरजेपोटी सरकारांनी किती पैसा घालवला, याचा सगळ्यात मोठा दाखला इंग्लंडचा आहे.

२००२ मध्ये टोनी ब्लेअर सरकारनं एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेचं संगणकीकरण हाती घेतलं. देशाचे पाच विभाग पाडून चार बड्या कंपन्यांना घाईघाईनं कंत्राटं वाटली. डॉक्टरांना काय हवंय, हे आधी कुणी धड विचारलंच नाही. ज्या सॉफ्टवेअरवर भिस्त होती, त्यातलं लोरेंझो तर पुरतं तयारही नव्हतं! या चौघींपैकी ॲक्सेंचर २००६ मध्ये बाहेर पडली, २००८ मध्ये फुजित्सूचा करार मोडला आणि त्याचं भांडण वर्षानुवर्षं चाललं. २०११ मध्ये सरकारनं योजना गुंडाळायचं जाहीर केलं. २०१३ मध्ये तिथल्या लोकलेखा समितीच्या अहवालात खर्चाचा आकडा आला ९८० कोटी पौंड, म्हणजे तेव्हाच्या दरानं लाख कोटी रुपयांच्या घरात.

गंमत अशी, की याच योजनेतलं एक्स-रे आणि स्कॅन फिल्मऐवजी संगणकावर आणायचं काम २००७ च्या अखेरीस देशभर पुरं झालं. काम नेमकं होतं आणि डॉक्टरांनाही ते हवं होतं.

आपल्याकडे रक्कम तेवढी नाही, खोड मात्र ओळखीची. जुलै २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली संगणक प्रणाली कंत्राटदाराशी झालेल्या वादात बंद पडली आणि कारभार पुन्हा वही-पेनावर आला. पुढं एनआयसी या केंद्राच्या संगणक संस्थेची, म्हणजे सरकारचीच, ई-हॉस्पिटल प्रणाली आणली गेली. हे शहाणपण पहिल्याच करारात सुचायला हवं होतं. रुग्णांच्या नोंदी कुणाच्या ताब्यात राहणार, हे कंत्राटावर सही करण्याआधी ठरवायचं असतं.

केंद्राच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनला पाच वर्षांसाठी १,६०० कोटी मंजूर झाले. त्यात नोंदी एकाच ठिकाणी गोळा न करता ज्या त्या दवाखान्यात ठेवून आभा क्रमांकानं, म्हणजे प्रत्येकाच्या आरोग्य ओळख क्रमांकानं, जोडायच्या आहेत. त्यातला क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपरची रांग टाळायचा उपाय लोकांना लगेच पटला. उपकेंद्रातल्या नर्सताईंना मात्र तीच माहिती रजिस्टरातही लिहावी लागते आणि पोर्टलवरही भरावी लागते, आणि या दुप्पट कामाचा खर्च कुठल्याच प्रकल्पाच्या हिशेबात धरलेला नसतो.