लाल गोळीचा डोस: 60, 100 आणि पुन्हा 60

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठच्या आरोग्य उपकेंद्रांत गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत आज 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस. हे प्रमाण 2018 मध्ये ठरलं.

फॉलिक अ‍ॅसिडचा शोध मुंबईच्या गिरण्यांपाशी जाऊन पोचतो. तिथल्या गरोदर कामगार बायांचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे 1931 मध्ये प्रसिद्ध झालं होतं.

देशपातळीवर गोळ्या वाटायला 1970 मध्ये सुरुवात झाली, तेव्हाही गोळी 60 चीच होती. 1980 च्या दशकाच्या मध्यात तपासणी झाली, तर रक्तक्षय फारसा हललेला नव्हता. गोळ्या थोड्याच बायांपर्यंत पोचत होत्या. म्हणजे दुखणं पुरवठ्याचं होतं. पण 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला वाढवला गेला तो डोस: 100 मिलिग्रॅम, 100 दिवस. नोंदणी उशिरा होते, हाताशी दिवस थोडे राहतात, तेव्हा जास्त लोह द्यावं, हा विचार समजण्यासारखा आहे. तरी त्याची किंमत बायांच्या पोटाने मोजली. न शोषलेलं लोह आतड्यात राहतं. मग मळमळ, बद्धकोष्ठ, काळी शौच. मोठ्या डोसनंतर शरीर साधारण दिवसभर लोह कमी शोषतं, हे पुढे संशोधनातून कळलं. त्यात ‘गोळीने बाळ मोठं होतं, बाळंतपण अडतं’ ही जुनी भीती होतीच. गोळ्या फडताळात पडून राहिल्या, तर त्यात बाईचा हट्ट कमी आणि गोळीचा त्रास जास्त होता. डोस पुन्हा 60 वर यायला पंचवीसहून जास्त वर्षं गेली.

देशातल्या रक्तक्षयी गरोदर बायांचं प्रमाण 2015-16 मधल्या 50.4 वरून 2019-21 मध्ये 52.2 टक्क्यांवर गेलं. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर हा आकडा कितपत खरा, यावर वाद झालाच.

नाशिकमध्ये पुरवठ्याचा प्रश्न आजही द्राक्षहंगामात दिसतो. डोंगराकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला उतरतात, नोंदणी मात्र गावच्या आशाताईंकडेच राहते. अशा वेळी गोळ्या मध्येच तुटतात. हिमोग्लोबिन 11 च्या खाली पण 7 किंवा त्याहून वर असेल, तर रोज दोन गोळ्यांचा नियम आहे. दिवस भरत आले असतील किंवा गोळ्या सोसत नसतील, तर शिरेतून लोह देतात. त्यासाठी आधी बाई दवाखान्यात पोचावी लागते, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते.