बाकी (गणित)

भाज्यातून भाजक जितक्या वेळा काढता येईल तितक्या वेळा काढल्यावर जे उरते, ती बाकी. ३८ लाडू ५ ताटांत सारखे वाढले तर प्रत्येक ताटात ७ येतात आणि डब्यात ३ राहतात. ते ३ म्हणजे बाकी. ताळा असा : भाजक × भागाकार + बाकी = भाज्य. (भागाकार हा शब्द मराठीत क्रियेलाही चालतो आणि उत्तरालाही.) बाकी भाजकापेक्षा नेहमी लहान असावी लागते. ‘भागाकार ६, बाकी ८’ लिहिणाऱ्या मुलाचाही ताळा जुळतो. पाचाचा भाग अजून एकदा जातो, एवढेच त्याच्या ध्यानात आलेले नसते. बाकी शून्य आली की भाग निःशेष गेला म्हणतात. पुढे दशांश अपूर्णांक शिकल्यावर उत्तर ७.६ येते आणि बाकी वहीतून जाते. लाडवांच्या बाबतीत मात्र जुनेच उत्तर सोयीचे.

वडोदऱ्याच्या मराठी घरांत गृहपाठाच्या वेळी हा शब्द थोडा अडखळतो. गुजरातीत भागाकार भागाकारच राहतो, भाज्य-भाजकही तेच. पण उत्तराला भागफळ म्हणतात आणि बाकीला शेष. आजी ‘बाकी किती उरली?’ विचारते, नातू वहीत शेष लिहितो. वजाबाकीची तिकडे बादबाकी होते. शब्दाचा पुढचा अर्धा बदलला तरी मागची बाकी दोन्हीकडे कायम. मूळ अरबी शब्दाचा अर्थच ‘उरलेला’. कोपऱ्यावरचा दुकानदार ‘पचास रुपिया बाकी छे’ म्हणतो ती मात्र उधारी. तिथे भागाकाराचा संबंध नाही. थकबाकीही त्याच घराण्यातली. ‘पोरगी हुशार आहे बाकी!’ यात तर काहीच उरलेले नसते, नुसता बोलण्याचा ठसका.

बाकीचा खरा घरगुती उपयोग दिनदर्शिकेत आहे. ३६५ ला ७ ने भागले की बाकी १ उरते, म्हणून एखाद्या तारखेचा वार सहसा दरवर्षी एकाने पुढे सरकतो. मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोनाने. शेजारच्या गुजराती घरांत नवे वर्ष दिवाळीनंतर लागते, मराठी घरांत गुढीपाडव्याला, आणि त्या दिवशी संवत्सराचे नाव वाचले जाते. ते काढायची रीत अशी : शकवर्षात १२ मिळवून ६० ने भागावे, बाकी येईल तो साठ संवत्सरांच्या यादीत प्रभव या पहिल्या नावापासूनचा क्रमांक. शक १९४७ साठी १९५९ ला ६० ने भागता बाकी ३९, म्हणजे विश्वावसु. बाकी शून्य आली तर साठावे, क्षय. शक १९०८ ला तसेच झाले होते.