चहा : प्रकार आणि करण्याच्या पद्धती

चहा : थिएसी कुलातील कॅमेलिया सायनेन्सिस या सदाहरित झुडपाच्या कोवळ्या पानांवर प्रक्रिया करून मिळणारी पत्ती व तिच्यापासून केलेले पेय. पुण्यात नुसते ‘चहा’ म्हटले की दूध, साखर व सीटीसी (यंत्रात चिरडून दाणे केलेली) भुकटी घालून उकळलेलेच पेय अभिप्रेत असते. बाकीच्या प्रकारांना विशेषण लागते (कोरा चहा, हिरवा चहा, गुळाचा चहा). गवती चहा ही सिंबोपोगॉन प्रजातीतील सुवासिक गवताची पात असून तिचा या झुडपाशी वनस्पतिशास्त्रीय संबंध नाही, व तिच्यात कॅफीनही नसते.

शब्दाची व्युत्पत्ती. चिनी भाषांत या पानाला ‘छा’ व ‘ते’ अशी दोन उच्चारकुले आहेत. डचांनी चीनच्या फूच्येन किनाऱ्यावरून ‘ते’ उचलला व तो पश्चिम युरोपात पसरला. खुष्कीच्या मार्गाने आणि मकाऊमार्गे ‘छा’ पसरला. मराठी ‘चहा’ कोठून आला याविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार तो पोर्तुगीज ‘शा’वरून आला. बटाटा, पाव, पगार हे शब्द त्याच वाटेने आले आणि वसई, चौल, गोवे ही पोर्तुगीज ठाणी मराठी मुलखाला लागूनच होती, हा त्याचा आधार. दुसऱ्या मतानुसार तो फारसीतून, बहुधा सुरतेच्या व्यापारामार्फत आला. फारसीत ‘चा’ व ‘चाय’ ही दोन्ही रूपे आढळतात; हिंदीने दुसरे घेतले, गुजराती व बंगालीने पहिले. मराठीच्या ग्रामीण बोलीतील ‘च्या’ व ‘चा’ ही रूपे गुजरातीला जवळची आहेत आणि १६३८ मध्ये मांडेल्स्लो या प्रवाशाने सुरतेत चहा नित्य घेतला जात असल्याची नोंद केली आहे. ऑव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने १६८९ च्या सुमारास तेथील वाणी लोक डोकेदुखी व पोटदुखीवर मसाले घातलेला चहा घेत असल्याचे लिहिले आहे. यावरून दुसरे मत अधिक संभाव्य वाटते. ‘चहा’तील हकार दीर्घ स्वर फोडून उच्चारण्याच्या सवयीतून आला असावा.

इतिहास. झुडपाचे मूळ स्थान आसाम, उत्तर म्यानमार व चीनचा युनान प्रांत यांच्या सीमाप्रदेशात असावे असे सामान्यतः मानतात. चीनचा पौराणिक सम्राट शेन नुंग याच्या भांड्यात पाने उडून पडल्याची कथा दंतकथाच समजावी. हान सम्राट जिंग (मृत्यू इ. स. पू. १४१) याच्या दफनस्थळी सापडलेले अवशेष चहाच्या कळ्यांचे असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, हा आजवरचा सर्वांत जुना ठोस पुरावा गणला जातो. आसामी व चिनी वाण एकाच लागवडीतून फुटले की स्वतंत्रपणे लागवडीखाली आले, हाही वादाचा विषय होता. अलीकडील जनुकीय अभ्यासांचा कल दुसऱ्या बाजूला आहे. आसामातील रानटी झुडपांची माहिती १८२३ मध्ये तेथील सिंगफो जमातीचा सरदार बिसा गाम याच्याकडून रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला मिळाली. ‘शोध ब्रूसने लावला’ हे जुन्या ग्रंथांतील विधान त्यामुळे दुरुस्त करून वाचावे. सिंगफो लोक ती पाने आधीपासूनच वापरीत होते.

पुण्यातील चहाचा सर्वांत गाजलेला उल्लेख १८९० मधील पंचहौद या ख्रिस्ती मिशनच्या चहापानाचा होय. न्या. म. गो. रानडे, लो. टिळक आदी निमंत्रितांपुढे तेथे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून जाहीर केली आणि ग्रामण्य (जातिबहिष्काराचा वाद) उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्तापर्यंत पोहोचले. येथे आक्षेप चहावर नव्हता, तो कोणाच्या हातून घेतला यावर होता. पुण्याच्या सुशिक्षित घरांत हे पेय तोवर अनोळखी राहिलेले नसावे, असे यावरून अनुमान निघते.

अमृततुल्य या नावाची चहाची दुकाने राजस्थानातून आलेल्या ब्राह्मण कुटुंबांनी सुरू केली. त्यांचा आरंभ बहुधा १९२० च्या दशकातील असून सोन्या मारुती चौकातील ‘आद्य अमृततुल्य’ हे त्यांतील पहिले मानले जाते.

प्रकार. सर्व प्रकार एकाच झुडपाचे, फरक प्रक्रियेचा. पान चुरगळले की पेशींतील पॉलिफिनॉल ऑक्सिडेझ हे विकर (एन्झाइम) कॅटेचिनांच्या, म्हणजे पानातील पॉलिफिनॉल द्रव्यांच्या, संपर्कात येते व पान तांबूस होऊ लागते. या क्रियेला मळ्यांवर ‘आंबवणे’ म्हणतात आणि जुन्या कोशांतही ‘किण्वन’ हाच शब्द आढळतो. परंतु येथे सूक्ष्मजीवांचा भाग नगण्य असल्याने ‘ऑक्सिडीभवन’ हा शब्द योग्य. खरे किण्वन फक्त युनानच्या पुएर व तत्सम चहांत होते.

हिरव्या चहात पान खुडल्यावर लगेच वाफेने (जपान) किंवा कढईत परतून (चीन) विकर निष्क्रिय करतात. पांढऱ्या चहात कळ्या व कोवळी पाने फक्त सुकवतात. ऊलाँग अर्धवट ऑक्सिडीभूत, काळा पूर्ण. काळ्यातही दोन शाखा आहेत : पान वळून तयार केलेला ऑर्थोडॉक्स (दार्जिलिंग, निलगिरी, काही आसाम) आणि दातेरी रुळांतून चिरडून, फाडून, वळून दाणे केलेला सीटीसी. सीटीसी यंत्र १९३० च्या सुमारास आसामातील आमगुडी मळ्यात विल्यम मॅकर्चर याने बनवले. दाण्याचा पृष्ठभाग फाटलेला असल्याने त्याचा रंग मिनिटभरात उतरतो व दुधाखाली दबत नाही. भारतातील बहुतांश उत्पादन आज याच पद्धतीचे आहे. बाजारात जाड दाण्याला मामरी म्हणतात. बारीक प्रतींत पेको फॅनिंग्ज, पेको डस्ट व डस्ट असा उतरता क्रम असून पुण्यातील सुटा चहा विकणारे व्यापारी दाणा व डस्ट एकत्र करून मिक्श्चर देतात : दाण्याने स्वाद, डस्टने रंग.

पाणी. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मी. उंचीवर असल्याने येथे पाणी साधारण ९८° से. ला उकळते, महाबळेश्वरी ९५·५° च्या आसपास, म्हणून तेथे काळी पत्ती मिनिटभर जास्त मुरवावी. धरणाचे पाणी मृदू असते. कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी जड असल्यास कोऱ्या चहावर चकाकणारी साय धरते व रंग मळकट होतो. ती कॅल्शियम व ऑक्सिडीभूत पॉलिफिनॉल यांची असते. लिंबाचे चार थेंब टाकल्यास ती धरत नाही. पुन्हा उकळलेल्या पाण्यातील ऑक्सिजन निघून गेल्याने चहा बेचव होतो, ही समजूत सर्वत्र आढळते. पण पहिल्याच उकळीला पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ उरत नाही, तेव्हा हे कारण पटण्यासारखे नाही.

उकळून करण्याचा चहा. दोन कपांसाठी २०० मिली. पाण्यात अर्धे पेर (सुमारे ५ ग्रॅ.) आले ठेचून घालावे व आधण आल्यावर दोन-तीन मिनिटे उकळू द्यावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. आल्यात झिंजिबेन हे प्रथिन तोडणारे विकर असते. कोमट दुधात कच्चे आले पडले की दूध फाटते, पण ७०° च्या वर ते विकर झपाट्याने निकामी होते. सुंठीने ही अडचण सहसा येत नाही. नंतर तीन चहाचे चमचे साखर व दोन सपाट चमचे (सुमारे ५ ग्रॅ.) सीटीसी घालून मध्यम आचेवर दीड-दोन मिनिटे उकळावे. १०० मिली. तापवलेले दूध घालून दोनदा वर येऊ द्यावे. ठेचलेले दोन वेलदोडे शेवटच्या उकळीला घालावेत, कारण त्यांतील सुगंधी तेल बाष्पनशील असते व आरंभी घातल्यास वाफेबरोबर निघून जाते. गवती चहाची पात मात्र कातरून आधणातच टाकावी. गॅस बंद करून मिनिटभर झाकावे, मग गाळावे.

थंड दूध ओतल्यास उकळी मोडते व ती पुन्हा येईपर्यंत भुकटी मुरत राहून तुरटपणा वाढतो. आधी दूध व मग भुकटी, असे केल्यास अर्क सावकाश उतरतो आणि भुकटी जास्त लागते. अमृततुल्याची रीत याच दुसऱ्या वळणाची आहे : पितळी पातेल्यात दूध, पाणी व साखर एकत्र उकळतात, दुधाचे प्रमाण निम्म्यापर्यंत ठेवतात, त्यात बारीक भुकटी आणि खलबत्त्यात कुटलेले वेलदोडे-सुंठ घालून पळीने वरखाली करतात व फडक्यातून गाळतात. बारीक भुकटी जाळीतून निसटते, फडक्यातून निसटत नाही. पातेल्याला कल्हई असणे आवश्यक.

गुळाच्या चहात दूध फाटण्याचे कारण गुळातील आम्लता व क्षार. गूळ गाळलेल्या कोऱ्या अर्कात विरघळवून, गॅस बंद केल्यावरच गरम दूध मिसळावे आणि पुन्हा उकळू नये. इराणी चहात अर्क व आटवलेले दूध वेगवेगळे ठेवून कपात एकत्र करतात. पुण्यात ही पद्धत डेक्कन व कॅम्प भागातील इराणी कॅफेंत रुजली.

मुरवून करण्याचे चहा. ऑर्थोडॉक्स पत्ती उकळणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. महाग दार्जिलिंग आणून तो नेहमीसारखा दुधात उकळला की लिनॅलूल, जिरॅनिऑल ही सुगंधी द्रव्ये उडून जातात व उरतो तो फक्त तुरटपणा. दोष पत्तीचा नसतो. २०० मिली. पाण्याला एक भरघोस चमचा (४ ग्रॅ.पर्यंत) पत्ती घ्यावी. भांडे आधी गरम पाण्याने विसळून घ्यावे, पत्तीवर पाणी ओतून झाकावे व वेळ झाली की पूर्ण गाळून घ्यावे. दार्जिलिंगच्या वसंतातील पहिल्या खुडीला ९०° व तीन मिनिटे, दुसऱ्या खुडीला तीन-चार, आसाम व निलगिरी पत्तीला उकळते पाणी व चार मिनिटे पुरतात. चहाचाखणीच्या आंतरराष्ट्रीय मानकात १०० मिली.ला २ ग्रॅ. व सहा मिनिटे सांगितली आहेत. ते प्रमाण दोष उघड करण्यासाठी आहे, पिण्यासाठी नव्हे.

हिरवा चहा कडू होतो तो उकळत्या पाण्याने. तापमापी नसल्यास तीन वाट्या उकळत्या पाण्यात एक वाटी साधे पाणी मिसळावे, सुमारे ८०° मिळते. दोनास एक घेतल्यास ७४° च्या आसपास. त्यात दोन मिनिटे पुरे. पांढऱ्याला ८०° व चार-पाच मिनिटे. ऊलाँग ९०° च्या वर, तीन मिनिटे. तीच पत्ती तीन-चारदा वापरता येते. पुएरची पत्ती उकळत्या पाण्याने एकदा धुवून ते पाणी टाकून देतात.

साठवण व परीक्षा. कोरड्या पत्तीत ओलावा ३ ते ५ टक्के असतो. पावसाळ्यात डबा उघडा राहिल्यास ती सादळते. पत्ती वास फार लवकर धरते, म्हणून मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नये. भुकटीला रंग दिल्याचा संशय असल्यास ओल्या पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पसरावी : शुद्ध चहाचा डाग सावकाश व फिकट उमटतो, रंगवलेल्याचा तत्काळ व गडद. लोहकणांसाठी कोरड्या भुकटीवरून चुंबक फिरवावा.