ट्रेमध्ये वाफसा का येत नाही?

मे महिन्यात भाच्याचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. नंदुरबारकडे त्याची मिरचीची शेती. बाहेर ४४ अंश ऊन, म्हणून यंदा रोपं घरातच करायची असं ठरवून त्यानं मागच्या खोलीत टेबलं मांडली, वर एलईडी नळ्या टांगल्या, कूलर लावला आणि ९८ कप्प्यांच्या सहा ट्रेंमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरून बी टोकलं. उगवण झकास झाली, आणि मग रोपं तिथंच बसली. २५ दिवसांची झाली तरी दोन बीजपत्रं आणि करंगळीच्या नखाएवढी दोन पानं, बस्स. रंग फिका, माना खाली. फोटोखाली एकच ओळ: "मामा, पानी कमी पडनं का?"

"किती वेळा देतोस?" मी विचारलं.

"सकाळ-संध्याकाळ. दुपारी पानं सुकल्यासारखी दिसतात, मग तेव्हाबी थोडं."

रविवारी गेलो. कोकोपीटवर हिरवं शेवाळ धरलेलं होतं. अर्धं निदान तिथंच झालं. एक रोप गड्ड्यासकट वर काढलं. निरोगी रोपाचा गड्डा पांढऱ्या मुळांनी विणलेला असतो, हातात धरला तरी फुटत नाही. हा बोटांत चिखलासारखा पसरला. मुळं होती ती वरच्या सेंटिमीटरभरात, टोकं तपकिरी. खालच्या भागाला मोरीसारखा वास.

आपल्याकडे यासाठी एक शब्द आहे आणि तो मला फार आवडतो: वाफसा. काळ्या जमिनीत पाऊस पडून गेला की शेतकरी लगेच तिफण जुंपत नाही, वाफसा येण्याची वाट बघतो. मातीच्या बारीक पोकळ्यांत पाणी आणि मोठ्या पोकळ्यांत हवा, अशी ती अवस्था. मुळाला पाणी लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मूळ श्वासही घेतं हे पाठ्यपुस्तकात वाचून आपण विसरतो. ट्रेमध्ये हा वाफसा येता येत नाही. का, ते समजायला भांडी घासायचा स्पंज घ्या.

स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरा. पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज, न पिळता, उभा करा. पुन्हा धार लागेल! स्पंज तोच, छिद्रं तीच, मग हे पाणी आधी का गळलं नाही?

कारण केशाकर्षण. बारीक नळीत पाणी आपोआप वर चढतं, आणि नळी जितकी बारीक तितकं उंच. १ मिलिमीटर व्यासाच्या नळीत ते साधारण ३ सेंटिमीटर चढतं, अर्ध्या मिलिमीटरच्या नळीत ६. उलट बाजूनं बघा: भिजलेल्या स्पंजच्या, मातीच्या किंवा कोकोपीटच्या तळाशी जे पाणी गुरुत्वाला न जुमानता लटकून राहतं, त्याची उंची पोकळीच्या आकारावर ठरते. भांडं केवढं आहे याच्याशी तिचा संबंध नाही. आडवा स्पंज त्या उंचीच्या आतच बसतो, म्हणून भरलेला राहतो; उभा केला की वरचा भाग त्या उंचीच्या बाहेर जातो आणि तिथलं पाणी गळतं. एक फुटी कुंडीत तळाची पाच-सहा सेंटिमीटर चिंब राहिली तरी वर वीसेक सेंटिमीटर मोकळी हवा उरते. ९८च्या ट्रेचा कप्पा जेमतेम ४ सेंटिमीटर खोल. म्हणजे पाऊण मिलिमीटरपेक्षा बारीक असलेली जवळपास प्रत्येक पोकळी तळापासून काठापर्यंत भरलेली राहणार. ट्रेला भोक आहे, पाणी गळून जातं, हे खरं. पण जे गळायचं ते गळून गेल्यावरही आत आडवा स्पंजच असतो. आजोबांच्या गादीवाफ्यात ही भानगड नव्हती, कारण वाफ्याखालची जमीन पाणी खाली ओढून घेत होती.

जाता जाता, कुंडीच्या तळाशी खडी नाहीतर खापऱ्यांचा थर दिला की निचरा होतो, असं घरोघरी सांगतात. होतं उलटंच. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. ते खडीच्या वरच अडतं. चिंब थर तेवढाच राहतो, फक्त मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरी ठेवावी ती माती वाहून जाऊ नये म्हणून.

आता मुळाची बाजू. ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. शिवाय पाण्यात तो मावतोच किती? २० अंशांच्या लिटरभर पाण्यात फार तर ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांना ७. लिटरभर हवेत मात्र अडीचशे मिलिग्रॅमहून जास्त. भाच्याचं पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं, मे महिन्यातलं. हाताला चटका बसेल असं. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि मुळाची भूक मात्र वाढते, दहा अंशांना साधारण दुप्पट. ऑक्सिजन असेल तर पेशी ग्लुकोजच्या एका रेणूतून तीसेक एटीपी, म्हणजे पेशीत ऊर्जा वाहून नेणारे रेणू, काढते (आम्ही शाळेत ३८ घोकले होते), नसेल तर २. पंधरा भाकरींच्या पिठात एक भाकरी. एवढ्यावर रोप मरत नाही, पण वाढणार कशानं?

दुपारी पानं सुकायची, ती का? इथं मला खरी गंमत वाटते. पेशीच्या आवरणात पाण्यासाठी खास दारं असतात, अॅक्वापोरिन नावाची प्रथिनं. एकेका दारातून सेकंदाला अब्जावधी रेणू जातात. त्यांच्या शोधासाठी पीटर अॅग्रे यांना २००३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी फ्रान्समधल्या संशोधकांनी मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या रोपट्यात दाखवलं की मुळाचा ऑक्सिजन तुटला की ही दारं बंद होतात. पेशीची ऊर्जा आटली की आतला द्रव आम्लधर्मी होतो, म्हणजे हायड्रोजन आयन वाढतात. दाराच्या आतल्या वळशावर हिस्टिडीन हे अमिनो आम्ल असतं. त्याला हायड्रोजन आयन चिकटला की वळशाचा आकार बदलतो आणि वाट बुजते. म्हणजे मूळ पाण्यात बुडालेलं आणि पान तहानलेलं. आपण तहान बघतो आणि आणखी पाणी घालतो.

मिरचीच्या भाऊबंदांत, टोमॅटोत, आणखी एक निरोप वर जाताना सापडला आहे. गुदमरलेल्या मुळात एसीसी नावाचं रसायन साठतं. त्याचा इथिलीन वायू व्हायला ऑक्सिजन लागतो, तो मुळात नसतो. म्हणून ते रसाबरोबर पानांत चढतं, तिथं त्याचं इथिलीन होतं आणि देठ खाली वळतात. पान न सुकताही मान टाकतं ते यामुळे.

कूलरनं भर घातली. बाहेरच्या कोरड्या वाऱ्यात हेच ट्रे दोन-चार तासांत वाळले असते. दमट खोलीत पानांतून पाणी उडेना, म्हणून कोकोपीट सुकेना.

दुसऱ्या शक्यताही पाहिल्या. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मीठ असतं आणि त्यानंही रोपं खुजी राहतात, पण यानं धुतलं होतं. उजेड कमी असता तर रोपं बुटकी न राहता लांबट, काड्यांसारखी झाली असती.

खोलीच्या दारावर लिंबू-मिरची टांगलेली होती. मिरचीच्या रोपांना दृष्ट लागू नये म्हणून मिरचीच सुईत ओवायची, हे मला तरी जमलं नसतं. पण त्याचा खर्च दहा रुपये. खिडकीत मुळांच्या टॉनिकची बाटली होती, सव्वाचारशेची, तिच्यावर सोनेरी अक्षरांत 'जादुई वाढ'. ऊर्जाच आटलेल्या मुळात खत तरी कसं आत जाणार? या दोन उपायांतला कोणता जास्त अंधश्रद्धेचा, हे मी भाच्याला विचारलं. तो हसला, पण बाटली काही टाकली नाही.

पाणी बंद कर म्हटलं तर त्याचा जीव होईना. म्हणून स्पंजच वापरला, उभा करून. प्रत्येक ट्रेखाली भिजवून पिळलेलं गोणपाट घातलं, भोकांशी नीट दाबून, आणि त्याचं एक टोक टेबलावरून खाली बादलीत लोंबतं सोडलं. गोणपाटाच्या धाग्यांनी कप्प्यातलं पाणी आणि खालचं टोक जोडलं गेलं. चार सेंटिमीटरचा स्तंभ दोन फुटांचा झाला. दहा मिनिटांत टोकाशी थेंब धरला. कूलरचं तोंड दुसरीकडे फिरवलं, एक साधा पंखा लावला. आणि त्याला ट्रेचा एक कोपरा दोन बोटांनी उचलायला शिकवलं, नर्सरीतल्या बाया करतात तसं: हलका लागला तरच पाणी, तेही माठातलं.

सकाळी सहाला त्याचा फोन. "मामा, बादलीत तांब्याभर पानी शे. एवढं कुठे व्हतं?"

बाराव्या दिवशी दुसरा फोटो आला. साधारण एक कप्पा सोडून एक रोप सावरलेलं, मधल्या शेंड्यात पोपटी पान. बाकीची मुळाशीच कुजली होती. त्या कप्प्यांत त्यानं पुन्हा बी टोकलं.