चाललो तेवढं खायचं का?

सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठाने तासभर चालून झालं की आम्ही चारपाच जण पायऱ्यांवर टेकतो. परवा आमच्यातल्या एकाने मनगट पुढे केलं. घड्याळावर आकडा होता ४१२. "सर, एवढ्या कॅलरी जळाल्या. म्हणजे आज एक शेंगापोळी माफ!" सहा महिने तो नेमाने चालतोय, आणि सहा महिने त्याचं वजन ८० किलोवर अडून बसलंय. त्याच्या मोबाईलमधलं अॅपही तेच सांगतं: आज ४१२ कॅलरी जास्त खाता येतील. चालून कमावल्या, खाऊन खर्च केल्या.

या 'माफ' शब्दाने मला गप्प बसू दिलं नाही, म्हणून हा लेख. आधी एक खुलासा. बोलताना आपण जिला कॅलरी म्हणतो ती खरी किलोकॅलरी. इथेही त्याच अर्थाने वाचा.

घड्याळ काय मोजतं? नाडीचे ठोके आणि हाताची हालचाल. खर्च झालेली ऊर्जा ते मोजत नाही. वय, वजन आणि ठोके यांवरून अंदाज बांधतं. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी मनगटावरची सात यंत्रं ६० जणांवर तपासली. ठोके बहुतेक यंत्रांनी छान मोजले. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगलं यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी.

आता कागदावर हिशेब करू. स्वस्थ बसलेलं शरीर एका किलोमागे तासाला साधारण एक कॅलरी खर्चतं. ताशी पाच किलोमीटर वेगाने चालताना हा खर्च सुमारे साडेतीनपट होतो. म्हणजे ८० किलोच्या माझ्या मित्राचे तासाचे २८०. पण त्यातले ८० तो घरी पेपर वाचत बसला असता तरी खर्च झालेच असते. चालण्याची खरी जादा कमाई २०० ची. बसल्या जागेचा खर्च अॅपने दिवसाच्या हिशेबात आधीच धरलेला असेल, तर तेच ८० दोनदा मोजले जातात. त्यात अॅप सुरू करताना 'तुमची हालचाल किती?' या प्रश्नाला 'मध्यम' असं उत्तर दिलेलं असलं, तर हे चालणं आधीच जमेस धरलेलं आहे. मग त्यावर पुन्हा वाढीव खाणं म्हणजे एकाच पावतीवर दोनदा पैसे उचलणं.

घरच्या एका शेंगापोळीत ३० ग्रॅम शेंगदाणे, २५ ग्रॅम गूळ, वरची पारी आणि चमचाभर तूप धरलं तर आकडा चारशेच्या पुढे जातो. २०० विरुद्ध ४००. सहा महिन्यांचं कोडं इथेच बरंचसं सुटतं.

पण मला खरी गोडी आहे ती यापुढच्या प्रश्नाची. माणूस दिवसभरात एकूण किती ऊर्जा खर्चतो, हे त्याला प्रयोगशाळेत न कोंडता कसं कळतं? यासाठी जी युक्ती वापरतात तिच्याइतकी देखणी युक्ती मला तरी ठाऊक नाही.

तिला दुहेरी खुणेचं पाणी म्हणू. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन. दोघांचीही जड भावंडं निसर्गात असतात: ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन-१८. ती किरणोत्सारी नाहीत, फक्त वजनाने जड आहेत. अशा जड अणूंचं थोडं पाणी माणसाला पाजायचं आणि त्याला आपल्या कामाला जाऊ द्यायचं. एकदोन आठवडे अधूनमधून लघवीचा नमुना घ्यायचा आणि दोन्ही खुणा किती वेगाने ओसरतात ते पाहायचं.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे हौद घरोघरी असतो. हौदाला दोन तोट्या आहेत अशी कल्पना करा. निळा रंग फक्त पहिल्या तोटीतून जाऊ शकतो, तांबडा दोन्हींतून. तांबडा निळ्यापेक्षा जितका जास्त वेगाने फिका होईल, तितका दुसऱ्या तोटीचा प्रवाह. शरीरात ड्यूटेरियम निळा: तो पाण्याबरोबरच जातो, म्हणजे लघवी, घाम आणि श्वासातली वाफ. ऑक्सिजन-१८ तांबडा: तो पाण्यातून जातोच, शिवाय उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही जातो.

पण प्यायलेल्या पाण्यातला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमध्ये शिरतो कसा? गंमत इथे आहे. तांबड्या रक्तपेशींत कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांना जोडून कार्बोनिक आम्ल बनवतं आणि लगेच उलट तोडतंही. त्या आम्लात ऑक्सिजनचे तीन अणू असतात. तुटताना त्यातला कोणताही एक पाण्याकडे जाऊ शकतो, उरलेले दोन कार्बनकडे. हे विकर सेकंदाला लाखो वेळा ही जोडतोड करतं. त्यामुळे फुप्फुसात पोचेपर्यंत वायूतल्या ऑक्सिजनची शरीरातल्या पाण्याशी पुरती अदलाबदल झालेली असते. मिनेसोटा विद्यापीठातल्या नेथन लिफसन यांनी हे १९४९ मध्ये दाखवलं आणि त्यावरून ही मोजणीची रीत बसवली. ऑक्सिजन-१८ इतका महाग होता की बरीच वर्षं ती उंदरांसारख्या छोट्या प्राण्यांपुरतीच राहिली. माणसावर तिचा वापर डेल शोलर यांनी १९८२ मध्ये केला.

समजा शरीरात ४० लिटर पाणी आहे, म्हणजे सुमारे २,२२० मोल (मोल हे अणू-रेणूंची संख्या मोजायचं एकक). रोज जड ऑक्सिजन १२ टक्के ओसरतो आणि ड्यूटेरियम १०. फरक दोन टक्के, म्हणजे ४४ मोल. कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू, म्हणून निम्मे करा: २२ मोल, सुमारे ५०० लिटर वायू. नेहमीच्या मिश्र आहारात या वायूच्या एका लिटरमागे साधारण पावणेसहा कॅलरी खर्च झालेल्या असतात. म्हणजे दिवसाच्या सुमारे २,८०० कॅलरी. प्रत्यक्षात यात बाष्पीभवनासाठी काही दुरुस्त्या कराव्या लागतात, पण गाभा एवढाच.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट हाती लागते. २२ मोल म्हणजे जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड, रोजचा. चरबी शरीराबाहेर जाते ती याच वाटेने. १० किलो चरबी जळली तर ८.४ किलो श्वासावाटे वायू होऊन जाते आणि १.६ किलोचं पाणी होतं. एप्रिल-मे मधल्या सोलापूरच्या उन्हात प्लास्टिकचं जाकीट घालून पळणारी मुलं मी पाहतो, घाम म्हणजे वितळलेली चरबी अशी त्यांची समजूत असते. पोटाला बांधायचे घामाचे पट्टेही त्याच समजुतीवर विकले जातात. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. कमी झालेलं वजन दोन तांबे पाण्याने परत येतं, आणि पारा ४२ वर असताना ते जाकीट जिवावर बेतू शकतं.

आता मुद्द्याकडे. दुहेरी खुणेच्या पाण्याचीच पद्धत वापरून संशोधक हर्मन पॉन्टझर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा लोकांची मोजणी केली. निष्कर्ष २०१२ मध्ये आले. शिकार आणि कंदमुळांवर जगणारे हे लोक रोज मैलोन्‌मैल चालतात. शरीराचं आकारमान लक्षात घेतलं तर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च मात्र शहरी अमेरिकन माणसाएवढाच निघाला. २०२१ मध्ये १,७५४ प्रौढांच्या अशाच मोजण्या एकत्र करून पाहिल्या. हालचालीवर जादा खर्चलेल्या ऊर्जेपैकी सरासरी २८ टक्के शरीर दुसरीकडे काटकसर करून भरून काढतं, असं दिसलं. अंगात चरबी खूप जास्त असलेल्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं. काटकसर नेमकी कुठे होते यावर संशोधकांत अजून वाद आहे. हे आकडे मोठ्या समूहाचे आहेत, एका सकाळच्या फेरीला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे. मित्राच्या २०० मधले हिशेबात टिकतात ते कदाचित शंभर ते दीडशे.

म्हणून वजन उतरवण्यासाठी तासभर चालणाऱ्याने त्या कॅलरी परत खाऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. दोनतीन तास सायकल मारणाऱ्याने किंवा लांब पल्ल्याचं पळणाऱ्याने घड्याळाच्या आकड्याच्या साधारण निम्मं खावं आणि महिनाभर वजन बघून ते कमीजास्त करावं.

मात्र मैदानावर सकाळ-संध्याकाळ सराव करणाऱ्या मुलीला हा सल्ला कुणी देऊ नका. तिने परत खाल्लंच पाहिजे. समजा तिचं वजन ५० किलो आहे आणि चरबी वगळता ४०. व्यायामाचा खर्च वजा जाऊन तिच्या शरीराला चरबीविरहित किलोमागे रोज किमान ३० कॅलरी उरायला हव्यात, ४५ उरल्या तर उत्तम. सरावात ६०० जात असतील तर १,८०० ही अगदी तळाची रेघ झाली, चांगला आकडा २,४००. त्याखाली बरेच दिवस राहिलं तर पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात. ऑलिंपिक समितीने २०१४ पासून याकडे लक्ष वेधलेलं आहे, तरी पाळी चुकणं म्हणजे कसून सरावाची खूण, असं मानणारे आजही भेटतात. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीही व्यायामानंतरचं खाणं डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

माझ्या मित्राने अॅपमधला चालण्याच्या कॅलरी परत देणारा पर्याय बंद केला आहे. शेंगापोळी सोडलेली नाही. अर्धी खातो आणि ती भाकरीसारखीच दिवसाच्या हिशेबात धरतो. वजन रोज सकाळी वहीत लिहितो, कारण मीठ आणि पाणी यांनी ते एका दिवसात किलोभरही इकडेतिकडे होतं. बघतो ती फक्त सात दिवसांची सरासरी. पहिल्या आठवड्याची आली ७९.६. एवढ्यावरून काही ठरत नाही, हे मी त्याला सांगितलंय. पुढचे तीन आकडे यायचे आहेत.